कॉलनीचं सरासरी तापमान

कॉलनीत तापाची साथ आली आहे ही बातमी सरासरीकाकांपर्यंत पोचली तेव्हा ती पार शिळी झाली होती, आणि काकांना तापापेक्षा याचाच राग जास्त आला. ताप काय, कुणालाही येतो. पण समोरच्या बिऱ्हाडात नवराबायको दोघंही अंथरुणाला खिळलेली असावीत, मागच्या इमारतीतलं कुणी दवाखान्यात राहून घरीसुद्धा आलेलं असावं, आणि हे सगळं आपल्याला दूधवाल्याकडून कळावं? ज्या माणसाने उभा जन्म सांख्यिकी खात्यात काढला, जन्ममृत्यूपासून छत्र्यांच्या खपापर्यंत दिसेल त्याची सरासरी काढली, त्याच्या नाकाखाली एक अख्खी साथ येऊन बसते आणि त्याला पत्ता नसतो, हा त्या साथीने केलेला वैयक्तिक अपमान होता.

सरासरीकाका हे नाव त्यांना कॉलनीने दिलेलं. ते कौतुकाने दिलं असावं असा काकांचा समज होता, आणि काकूंनी तो कधी मोडला नव्हता.

काकांना मुळातच एका जागी बसवत नसे. वर्तमानपत्राचं पहिलं पान ते हॉलमध्ये वाचत, दुसरं बाल्कनीत आणि निधनवार्ता स्वयंपाकघरात, काकूंच्या मागे उभं राहून, मोठ्याने. निवृत्त झाल्यापासून तर त्यांच्या पायांना कामच उरलं नव्हतं आणि डोक्याला फारच उरलं होतं. त्या दिवशी ते तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना पेशंट समजून जीभ बाहेर काढायला लावली, आणि काकांना जीभ बाहेर असतानाच आपला मुद्दा मांडावा लागला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या कॉलनीतले बरेच जण येऊन गेले खरे, पण प्रत्येकाला वाटतं ताप आपल्या एकट्यालाच आलाय. कुणी कुणाला सांगत नाही. सगळी माहिती एका ठिकाणी आली असती तर ताप कुठून येतोय तेवढं तरी कळलं असतं.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी सहज म्हटलं होतं. पुढचा पेशंट आत येईपर्यंत ते विसरूनही गेले असतील. काका मात्र ते घरी घेऊन आले.

दुसऱ्या शहरात संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या लेकीला त्यांनी लगेच फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की असं काहीतरी बनवता येईल. रोज सकाळी प्रत्येक घरात फोनवर एक प्रश्न जाईल, त्याचं उत्तर आलं की कॉलनीच्या नकाशावर त्या घराचा ठिपका रंगेल. ठीक असेल तर हिरवा, ताप असेल तर लाल, उत्तर नाही आलं तर पांढरा. फक्त प्रश्न एकच ठेवायचा, लोक कंटाळतात. काकांनी रात्रीच्या जेवणाआधी प्रश्नांची यादी तयार केली होती, तिच्यात झोप, भूक, पाणी, डास, पाहुणे आणि पूर्वजांचे आजार असे स्वतंत्र विभाग होते. बापलेकीत बरीच घासाघीस झाली. शेवटी एकच प्रश्न राहिला, "आज बरं वाटतंय का?" त्याखाली ठीक, ताप, पोट आणि इतर असे पर्याय. ताप असेल तर किती, ते लिहायला एक चौकोन. "इतर"च्या पुढेही एक चौकोन काकांनी हट्टाने ठेवून घेतला. तो त्यांना पुढे फार महागात पडला.

कॉलनीच्या सभेत सेक्रेटरीबाईंनी कल्पना उचलून धरली, कारण त्या कुठलीही कल्पना उचलून धरत आणि मग ती ठेवायची कुठे हे दुसऱ्याला विचारत. तिसऱ्या मजल्यावरच्या फर्निचरवाल्यांनी ठिपके जरा मोठे आणि शोभिवंत हवेत असं सुचवलं. एका आजींना फोन वापरता येत नव्हता, त्यांनी आपण खिडकीत रंगीत टॉवेल वाळत घालू असं सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग वकील उठून उभे राहिले.

वकील 'अ' इमारतीत, फर्निचरवाल्यांच्या शेजारी एकटेच राहत. कोर्टातून निवृत्त झाले होते, वादातून नाही. ते म्हणाले की माझा ताप ही माझी खाजगी बाब आहे. तो कुणाला दाखवायचा हे मी ठरवीन. काकांनी सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व समजावलं. वकिलांनी सार्वजनिक या शब्दाची व्याख्या मागितली. काकांनी ती दिली, वकिलांनी तिच्यात दोन खोट्या काढल्या, आणि इतरांनी हळूहळू खुर्च्या घड्या करायला घेतल्या. ठराव मंजूर झाला. विरोधात एक मत, तेही लेखी.

पहिल्या सकाळी काका अंधारातच उठून फोन घेऊन बसले. पहिलं उत्तर कुणाचं येतं याची त्यांना फार उत्सुकता होती. आलं ते वकिलांचं. "इतर" हा पर्याय निवडून त्यांनी चौकोनात लिहिलं होतं, "हरकत. प्रश्नातील 'बरं' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही."

बाकीची उत्तरं आली, आणि काकांच्या लक्षात आलं की "इतर"चा चौकोन म्हणजे कॉलनीच्या मनाला पडलेलं भोक आहे. कुणी लिहिलं होतं, लिफ्ट अडकते. कुणी लिहिलं होतं, वरचे लोक खुर्च्या ओढतात. एका सासूबाईंनी सुनेविषयी इतकं लिहिलं होतं की ते चौकोनात मावेना, उरलेलं त्यांनी दुसऱ्या दिवशी क्रमशः पाठवलं. पहिल्या आठवड्याची आकडेवारी मांडली तेव्हा कॉलनीतला सर्वांत फैलावलेला आजार गाड्या लावायच्या जागेचा निघाला.

तापाचे आकडे आले त्यांनी तर काकांच्या तोंडचं पाणीच पळवलं. काही जण नव्या थर्मामीटरवर सदतीस लिहीत होते, काही जण जुन्यावर शंभर. काकांनी सवयीने सरासरी काढली. कॉलनीचं सरासरी तापमान एकाहत्तर आलं. या तापमानाला माणूस एका हिशोबाने गोठून गेलेला असतो आणि दुसऱ्या हिशोबाने शिजलेला. काका तो आकडा घेऊन घरभर फिरले. काकूंनी त्यांना एका जागी बसायला सांगितलं. ते बसले, आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहिले.

हे सगळं लेकीने फोनवरून निस्तरलं. मग मात्र नकाशा खरंच बोलायला लागला. सेक्रेटरीबाईंच्या ऑफिसातल्या पडद्यावर 'अ', 'ब' आणि 'क' या तिन्ही इमारती दिसत आणि त्यांवर ठिपके. लाल ठिपके 'अ' इमारतीत तिसऱ्या मजल्याभोवती दाटून येत होते. काका दिवसातून कितीदा तरी खाली जाऊन ते पाहून येत. तिसऱ्यांदा जाताना चप्पल राहून जाई, पाचव्यांदा चष्मा.

एका दुपारी फर्निचरवाले त्यांना जिन्यात भेटले. फर्निचरवाल्यांनी आपलं घर विकायला काढलं होतं. घर रिकामं करून त्यांनी ते असं सजवलं होतं की बघायला आलेल्याला स्वतःच्या घराची लाज वाटावी. कोपऱ्याकोपऱ्यात काचेची मोठी भांडी, त्यांत पाणी, पाण्यावर फुलं. पण गिऱ्हाईक आलं की आधी ऑफिसातला पडदा बघे आणि त्या मजल्यावरचे लाल ठिपके पाहून वर न चढताच परत जाई. फर्निचरवाल्यांनी फार नम्रपणे विचारलं की ते ठिपके जरा शेजारच्या इमारतीवर सरकवता येतील का, नाहीतरी 'ब'मध्ये जागा रिकामीच आहे. काकांनी त्यांना आकडेवारीची शुद्धता या विषयावर पाऊण जिना ऐकवलं. त्या दिवसापासून फर्निचरवाल्यांनी काकांशी बोलणं सोडलं आणि काकांविषयी बोलणं सुरू केलं.

बोलणारे पुष्कळ होते. लाल ठिपक्याच्या घरी कामाला यायला बाई कां कू करू लागली. इस्त्रीवाला कपडे दाराबाहेर टांगून पळू लागला. मग लोकांनी यावर साधा उपाय काढला, तो म्हणजे तापाने फणफणत असतानाही "ठीक" लिहिणं. काकांना वर घरात खोकणारी माणसं ऐकू येत आणि खाली त्यांचे ठिपके हिरवेगार दिसत. या काळात रोज सकाळी न चुकता, सर्वांच्या आधी आणि संपूर्ण खरं उत्तर देणारा माणूस एकच होता, आणि तो वकील होता.

"हरकत. तापाची माहिती इमारतनिहाय देणे हे इमारतीच्या प्रतिष्ठेस बाधक आहे."

"हरकत. प्रश्न सकाळी विचारला जातो. सायंकाळच्या तापाला समान संधी नाही."

"हरकत. उत्तर न दिल्यास पांढरा ठिपका दाखवला जातो. मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणालाही नाही."

काकांचा दिवस या हरकतीने सुरू होई. अंघोळ करताना ते उत्तर रचत, अंग पुसताना खोडत आणि न्याहारी करताना काकूंना वाचून दाखवत. काकू म्हणत, सोडून द्या, एकटा जीव आहे, त्याला कुणाशीतरी भांडायला हवं. काका म्हणत, मग त्याने कुणाशीतरी भांडावं, माझ्याशीच का.

लोक खोटं लिहायला लागल्यावर काकांनी ठरवलं की आता गोष्ट वरच्या पातळीवर न्यायची. आहे ती माहिती तरी सरकारी आरोग्य कार्यालयात द्यावी, मग तिथून फवारणी येईल, तपासणी येईल. त्यांनी नकाशा रंगीत छापून घेतला आणि कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवर सांगितलं की कागद घेत नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की कागद घेतो, पण त्यावर पहिल्या खिडकीचा शिक्का हवा. तिसऱ्या दालनात संगणकावर एक बाई बसल्या होत्या. स्वभावाने चांगल्या, पण त्यांच्या आणि जगाच्या मध्ये एक प्रणाली उभी होती आणि त्या तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. काकांचं म्हणणं त्यांनी सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाल्या, मला पटतंय हो, पण प्रणालीला फाइल लागते.

काकांकडे फाइल होती. लेकीने दिलेली, पहिल्या रकान्यात इमारत, दुसऱ्यात मजला, तिसऱ्यात ताप. बाईंनी ती चढवली. एक गोल बराच वेळ फिरला, आणि मग पडद्यावर हिरवी खूण उमटली. बाईंनाही आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, प्रणालीने पहिल्या फटक्यात काही घेतलं असं मी पहिल्यांदाच बघतेय. काका छाती फुगवून घरी आले आणि येता येता भेटेल त्याला सांगत आले.

प्रणालीच्या दृष्टीने पहिला रकाना आजाराचा असतो, इमारतीचा नसतो, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि आजार तिथे पूर्ण नावाने लिहीत नाहीत, आद्याक्षराने लिहितात. त्यामुळे त्या हिरव्या खुणेबरोबर 'अ' इमारतीत गुरांकडून माणसांना होणारा अँथ्रॅक्स, 'ब' इमारतीत कोंबड्यांचा बर्ड फ्लू आणि 'क' इमारतीत कॉलरा अशी एकाच आवारात तीन साथींची नोंद झाली. असं पूर्वी कुठे झालेलं नसल्यामुळे प्रणालीने ते सर्वांत वरच्या साहेबांना कळवलं.

पुढचे दोन दिवस काकांनी वाट पाहण्यात काढले. वाट पाहणं हे बसून करायचं काम, आणि तेच त्यांना जमत नव्हतं. फाटकाशी जात, परत येत, फोन बघत, फोन बंद पडलाय का ते बघायला काकूंना दुसऱ्या खोलीतून फोन करायला लावत.

तिसऱ्या सकाळी त्यांनी उठून फोन उघडला आणि वकिलांचा ठिपका पांढरा होता.

काकांना आधी खराखुरा आनंद झाला. शेवटी थकला, असं त्यांनी काकूंना जाहीर केलं. मुद्दे संपले असणार. काका अंघोळीला गेले, पण अंघोळीत रचायला काहीच नव्हतं, त्यामुळे ती फार लवकर उरकली. बाहेर येऊन पुन्हा फोन पाहिला. पांढरा. न्याहारीला बसले, उठले, पुन्हा पाहिला. कदाचित उशिरा उठले असतील. कदाचित मुलाकडे परदेशी गेले असतील. पण मग तशी लेखी पूर्वसूचना दिल्याशिवाय हा माणूस जाईल? काका पाणी पिऊन आले. काकूंनी विचारलं, काय होतंय तुम्हाला? काका म्हणाले, काही नाही, आणि पुन्हा पाणी प्यायले.

तेवढ्यात खाली गाड्या येऊन थांबल्याचा आवाज झाला.

काकांनी बाल्कनीतून पाहिलं तर आवारात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घातलेली माणसं उतरत होती. पाठीवर फवारणीचे पंप, हातात लांब चिमटे, आणि मागे एक रुग्णवाहिका. एकाने फाटकाला पिवळी पट्टी बांधायला घेतली. काका गडबडीत एका पायात काकूंची चप्पल घालून खाली धावले. सगळी कॉलनी आधीच उतरली होती. पथकाच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तोंडावरचा मुखवटा न काढता विचारलं की गुरं कुठे बांधली आहेत.

सेक्रेटरीबाईंना वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'अ' इमारतीतली गुरं आणि 'ब' इमारतीतल्या कोंबड्या ताबडतोब दाखवा, लपवणं गुन्हा आहे. यावर 'ब' इमारतीतले लोक फार दुखावले, आमच्याकडे कोंबडी हा प्रकारच नाही म्हणू लागले. 'क'मधल्यांनी आपलं काय ते विचारलं आणि कॉलरा ऐकून गप्प झाले. फर्निचरवाल्यांनी वेळ न दवडता, ही सगळी माहिती पुरवणारे गृहस्थ हे, असं म्हणून काकांकडे बोट दाखवलं. माणसं काकांभोवती जमली. आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या आकडेवारीकडे एवढ्या लोकांचं एकाच वेळी लक्ष होतं, आणि काकांचं लक्ष भलतीकडेच होतं.

ते गर्दीतली डोकी बघत होते. आजी होत्या, टॉवेलासकट. सासूबाई होत्या, सूनही होती. तापाने फणफणलेले सगळे हिरवे ठिपके शाली पांघरून उभे होते. परक्या माणसांनी आवारात शिरून फाटकाला पट्टी बांधली होती, आणि लेखी हुकूम दाखवा म्हणणारं कुणी पुढे आलं नव्हतं. असा प्रसंग वकील मेल्याशिवाय सोडणार नाहीत, असं काकांच्या मनात आलं.

तो शब्द मनात येताच काका वळले आणि 'अ' इमारतीच्या जिन्याकडे धावत सुटले. माहिती देणारा पळाला असं वाटून डॉक्टरीणबाई त्यांच्या मागे धावल्या, त्यांच्या मागे पंपवाला, त्याच्या मागे सेक्रेटरीबाई, आणि मग उरलेली कॉलनी, कारण आता खाली बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दोन वेगवेगळ्या चपलांत तिसरा मजला गाठताना काकांना आपलं वय पायरीपायरीला आठवत होतं.

त्यांनी दार ठोठावलं. उत्तर नाही. बेल वाजवली. दाराला तोंड लावून हाका मारल्या. मग आतून, फार लांबून आल्यासारखा एक आवाज आला.

"लेखी आदेश आहे का?"

काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी दार उघडायला सांगितलं. आतून काही सरकल्याचा आणि मग पडल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा शांतता. काकांनी खांद्याने दाराला धडक दिली. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. पंपवाल्याने त्यांना हळूच बाजूला केलं, पंपासकट एकच रेटा दिला आणि कडी निखळून पडली.

वकील पलंग आणि टेबल यांच्या मधे जमिनीवर होते. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. अंगावर बारीक लाल पुरळ. हाताशी फोन पडला होता. त्याच्यावर सकाळचा प्रश्न उघडा होता आणि "इतर"च्या चौकोनात फक्त "हर" एवढंच उमटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मुखवटा काढला, गुडघ्यावर बसून नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली आणि विचारलं की यांना किती दिवस ताप आहे. कुणालाच माहीत नव्हतं. अख्ख्या कॉलनीच्या तापाचा हिशोब ठेवणाऱ्या काकांनाही नाही. बाई म्हणाल्या, लगेच हलवा, उशीर केलात तर अवघड आहे.

त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. रुग्णवाहिका दारातच होती, पण तिचा चालक उतरून आडवा उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की ही गाडी फक्त अँथ्रॅक्सच्या रुग्णासाठी निघाली आहे. साधा तापाचा माणूस नेला तर परत गेल्यावर उत्तर त्याला द्यावं लागेल. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. त्याने त्यांनाही नियम समजावला. दुसरी गाडी मागवायची तर कार्यालयाचा फोन लागेना. काका इतका वेळ खुर्चीचा हात धरून उभे होते. उभा जन्म त्यांनी एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. अपूर्णांकाचा पूर्णांकसुद्धा ते भीत भीतच करत.

"हे 'अ' इमारतीत राहतात," काका म्हणाले. "तुमच्या प्रणालीत बघा. 'अ' म्हणजे अँथ्रॅक्स. हा तुमचाच रुग्ण आहे."

चालकाने यंत्रात बघितलं. नोंद होती. त्याने मागचं दार उघडलं.

इस्पितळात डेंग्यू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. आज सकाळी आणलं नसतं तर संध्याकाळ दिसली नसती, असं तिथले डॉक्टर काकांना नातेवाईक समजून म्हणाले. काकांनी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. ते व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. शेवटी परिचारिकेने सांगितलं की तुम्ही बसलात तर इतर पेशंटना झोप लागेल, तेव्हा ते बाकावर बसले आणि पाय हलवू लागले. काकूंनी डबा आणि चपलेचा दुसरा पाय आणून दिला, आणि शेजारी बसून त्यांचा गुडघा हाताने घट्ट दाबून धरला.

इकडे कॉलनीत पथक रिकाम्या हाताने परत कसं जायचं म्हणून थांबलं होतं. गुरं नव्हती, कोंबड्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई ऑफिसातल्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या, लाल ठिपक्यांकडे बघत राहिल्या, आणि मग पंपवाल्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या फर्निचरवाल्यांच्या घरात गेल्या. काचेच्या त्या शोभिवंत भांड्यांत, फुलांच्या खाली, डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या. फर्निचरवाले म्हणाले की ती भांडी सजावटकाराची कल्पना. पुढे त्यांनी ठिपक्यांविषयी पुन्हा कधी तक्रार केली नाही. भांडी ओतली गेली, फवारणी झाली, आणि काही दिवसांतच ठिपके खरोखरचे हिरवे होऊ लागले. काकांना याचं श्रेय द्यावं असं कुणाला सुचलं नाही. कॉलरा कुणामुळे आला याची चर्चा मात्र 'क' इमारतीत बरेच दिवस चालली.

वकील उशीला टेकून बसायला लागले तशी त्यांनी इस्पितळाच्या कारभारातल्या त्रुटी टिपायला सुरुवात केली, आणि त्यावरून डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. काका रोज सकाळी जात. पहिले काही दिवस दोघेही हवेबद्दल बोलले. मग एकदा वकिलांनी खिडकीकडे बघत विचारलं,

"तुम्हाला कळलं कसं?"

"तुमची हरकत आली नाही," काका म्हणाले.

वकील चादरीची कड बोटांनी सारखी करत राहिले.

"म्हणजे तुम्ही मौनाचा अर्थ लावलात."

"लावला."

वकिलांनी मान हलवली. ती कबुलीची होती की नोंद घेतल्याची, हे काकांना कळलं नाही. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या भरायला घेतला. तो भरलेलाच होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आरोग्य कार्यालयातल्या संगणकावरच्या बाई होत्या. आवाज कातावलेला होता. म्हणाल्या, काका, 'ब' आणि 'क' मी मिटवून टाकले, पण 'अ' मिटत नाही, कारण तुम्ही त्यावर रुग्ण नेलात. अँथ्रॅक्सचा माणूस म्हटला की प्रणाली त्याच्यामागे एक जनावर धरते. माणूस डेंग्यूत वळवला, त्याची नोंद मिटली, पण जनावर उघडं राहिलंय. ते बंद होईपर्यंत दर आठवड्याला तुमच्याकडे पथक येणार. काका म्हणाले, अहो, जनावर नाहीच आहे. बाई म्हणाल्या, मला माहितेय हो, पण तसा पर्याय नाही. प्रणाली विचारतेय, बाधित जनावराचं पुढे काय झालं? मेलं, विकलं, की बरं झालं?

काकांनी पलंगाकडे पाहिलं. वकील उशी पाठीमागे नीट बसत नाही म्हणून परिचारिकेला उशीचं कर्तव्य समजावत होते. गाल बसलेले होते, दाढी वाढलेली होती, आणि आवाज जवळजवळ पूर्वीसारखा.

"बरं झालं, लिहा," काका म्हणाले. "आता चांगलं खातंपितं."

त्यांनी फोन ठेवला. वकिलांनी उशीवरून मान वळवली.

"कोण बरं झालं?"

"'अ' इमारतीतलं एक जनावर. सरकारी नोंद होती."

वकिलांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि काकांकडे नीट बघून घेतलं.

"आणि ही नोंद करण्याआधी त्या जनावराची संमती घेतली होती का?"

"राहिली खरी," काका म्हणाले. ते खुर्ची ओढून पलंगाशी बसले. "आता देताय का?"

वकिलांनी विचार केला.

"लेखी कळवतो," ते म्हणाले.